सोळा मात्रांचं खातं

प्रत्येक मध्यमवर्गीय घरात कपाटाच्या वर एक जागा असते. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत अशा वस्तूंचा तो वृद्धाश्रम. आमच्या नांदेडच्या घरी या आश्रमात एक मोठी बॅग आहे, तिची चेन दुरुस्त करायची म्हणून २०११ साली वर ठेवलेली. लग्नात आलेला एक डिनर सेट आहे, तो पाहुणे आल्यावर काढायचा असतो. पाहुणे येतात, जेवतात, जातात, सेट काही निघत नाही. आणि गेल्या वर्षीच्या जूनमध्ये या मंडळींत एक नवा दाखला झाला : तबल्याची जोडी.

ही जोडी आमच्या चिरंजीवांची. वयाच्या आठव्या वर्षापासून तो तबला शिकला, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत 'मध्यमा पूर्ण'पर्यंत पोचला आणि मग त्याची दहावी झाली. आमच्याकडे दहावी झाली की मूल लातूरला जातं. का जातं हे विचारायचं नसतं. गोदावरी समुद्राकडे का जाते हे कुणी विचारतं का? तसे क्लास नांदेडातही रग्गड आहेत, आणि लातूरची पोरं त्यासाठी नांदेडला येतात. पण औषध आणि क्लास हे परगावचेच गुणकारी असतात, या तत्त्वानुसार दोन्ही गावांची पोरं जून महिन्यात एसटीतून निघतात आणि अहमदपूरच्या स्टँडवर एकमेकांना ओलांडून जातात.

"दोनच वर्षं," मी त्याला म्हणालो होतो. "नीट एकदा झाली की मग आयुष्यभर वाजव."

तो काही बोलला नाही. त्यानंच तबला-डग्ग्याला खोळ घातली, स्टूल घेतलं आणि जोडी कपाटावर ठेवली. मी बँकेतला माणूस. समोरचा काही बोलला नाही म्हणजे त्याची हरकत नाही, असं धरून चालायची आम्हाला सवय. मी ते प्रकरण निकाली काढलं.

जुलैत भाजी घेताना त्याचे गुरुजी भेटले.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. "बरा आहे ना?"

"बरा आहे. मेसचं जेवण जरा मानवत नाही म्हणतोय."

"मुलाचं नाही विचारायलो ओ. तबल्याचं विचारायलो."

तबला आजारी पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, पुडी सैल पडते, सूर उतरतो. रोज हात फिरत राहिला तर वाद्य जितं राहतं. "वाजवणारा नसेल घरात, तर तुम्ही वाजवा," गुरुजी मेथीची जुडी निवडत म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. घरी येताना मी नव्या पुडीच्या खर्चाचा अंदाज घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींच्या क्लासला गेलो. कलेच्या प्रांतातलं माझं पदार्पण हे असं निव्वळ देखभाल-दुरुस्तीच्या सदराखाली झालेलं आहे.

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो. क्लासात माझ्या खालोखाल वडीलधारा विद्यार्थी सातवीत होता. सतरंजीवर माझ्या शेजारी दुसरीतलं एक पोरगं होतं. त्यानं मला न्याहाळून विचारलं, "काका, तुम्ही कुणाला न्यायला आलाव?"

"कुणाला नाही. मी शिकायलोय."

त्यानं माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं, की तशी करुणा मी फक्त कर्ज नामंजूर झालेल्या गिऱ्हाइकाकडे पाहताना आमच्या मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर बघितली आहे.

पहिला महिना 'ना' काढण्यात गेला. तर्जनीनं तबल्याच्या काठावर, चाटेवर, आघात करायचा आणि बोट लगेच उचलायचं. दिसायला सोपं. पण माझी बोटं बावीस वर्षं नोटा मोजून घडलेली. कोणत्याही गोष्टीला स्पर्श झाला की ती पुढे सरकवायची, एवढंच त्यांना ठाऊक. आघात करून सोडून द्यायचं, म्हणजे नाद घुमतो, ही कल्पनाच त्यांना पटेना. "साहेब, दाबून ठेवू नका," गुरुजी सांगत. "दाबलं की आवाज मरतो." हे वाक्य त्यांनी तबल्यापुरतंच म्हटलं होतं. मला ते पुढे भलत्याच ठिकाणी आठवणार होतं.

मग कायदे सुरू झाले. कायदा म्हटल्यावर मला बरं वाटलं, ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं. तबल्यातला कायदा म्हणजे ठरावीक बोलांची एक रचना. तिचे पलटे करायचे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट करून नवनव्या रचना बांधायच्या. मात्र मूळ कायद्यात नसलेला बोल बाहेरून आणायचा नाही. असलेल्या भांडवलावर धंदा, बाहेरचं कर्ज मना! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, माझा ऊर भरून आला. आमच्या बँकेतही कायदे असतात, पण त्यांना दर महिन्याला नवं परिपत्रक जोडलं जातं आणि त्यांची सम कुठेच येत नाही.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, हे आता मी तुम्हाला ऐटीत सांगतो आहे. त्रितालाच्या मात्रा सोळा. चार-चारचे चार विभाग. पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा थांबतो, सगळं जरा पोकळ होतं, आणि त्या पोकळीवरूनच वाजवणाऱ्याला कळतं, की आपण अर्ध्या वाटेत आहोत, आता घर जवळ येईल. रूपक तालाची तऱ्हा निराळी. त्याच्या मात्रा सात, आणि त्याची पहिली मात्राच खाली! हा ताल मला एका दिवसात पाठ झाला. पगाराच्या पहिल्याच तारखेला हप्ते कापून जाऊन खातं खाली झालेलं ज्यानं वर्षानुवर्षं अनुभवलं आहे, त्याला रूपक वेगळा शिकवावा लागत नाही.

माझी खरी समाधी लागली ती तिहाईत. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर पाडायचा. पाच मात्रांचा तुकडा, मग एक मात्रा विश्रांती, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. बेरीज सतरा. सोळा मात्रांचं आवर्तन संपून सतरावी ती पुन्हा पहिली, म्हणजेच सम! अहो, हे तर टॅली झालं! संध्याकाळी रोकड मोजावी आणि वहीशी शेवटच्या रुपयापर्यंत जुळावी तसला आनंद मला झाला. मग मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. दोन आवर्तनांची तिहाई म्हणजे तेहेतीस मात्रा. अकरा त्रिक तेहेतीस, मध्ये विश्रांती नाही, ही 'बेदम'. नऊचा तुकडा आणि मध्ये तीन-तीन मात्रांची विश्रांती, ही 'दमदार'. मी चार पानं भरून तिहाया तयार केल्या आणि गुरुजींना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून सगळ्या तपासल्या.

"हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "आता वाजवा."

एकही वाजली नाही.

"मोजायचं असतंच साहेब," गुरुजी म्हणाले, "पण ते बोटांत उतरेपर्यंत. मोजत मोजत वाजवायला लागलाव तर तिसऱ्या मात्रेला पहिलीची काळजी करत बसाल."

वाजवता येईना, पण तोपर्यंत माझ्या डोक्यात काहीतरी बिघडायला सुरुवात झाली होती. आधी कान बिघडले. बँकेतल्या नोटा मोजायच्या मशीनचा आवाज मी जन्मभर ऐकत आलो. आता त्यात मला रेला ऐकू येऊ लागला. पासबुकाचा प्रिंटर दादऱ्यात चालतो, हे मी हेडकॅशियरना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी रजा किती शिल्लक आहे याची चौकशी केली. आणि एक दिवस तर कहरच झाला. पेन्शन जमा न झाल्यानं संतापलेले एक गृहस्थ काउंटरवर आले. त्यांनी आपली तक्रार सांगितली. मी काही बोलायच्या आत तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा सांगितली. मग जरा दम घेऊन, आवाज चढवून, तिसऱ्यांदा सांगितली आणि शेवटच्या शब्दावर पासबुक काउंटरवर असं आपटलं, की नेमकं समेवर. माझ्या तोंडून "क्या बात है!" निघून गेलं. त्यापुढची तक्रार माझ्याविरुद्ध होती आणि ती लेखी होती.

पण थट्टा सोडा. सुरात किंवा तालात मुरलेला माणूस जगाची मांडणीच वेगळी करतो, हे मला आमच्या गावातच एका जागी दिसलं. नांदेडला गुरुगोविंदसिंगांनी १७०८ साली ग्रंथाला गुरूपद दिलं. सचखंड गुरुद्वाऱ्यात मी लहानपणापासून जात आलो. पण तिथलं कीर्तन लंगरला जायच्या वाटेवर कानावर पडायचं, इतकंच. तबला सुरू झाल्यावर एका संध्याकाळी तासभर बसून ऐकलं. हार्मोनियम, तबला आणि शबद. शेजारी बसलेल्या एका वृद्ध सरदारजींना मी माझ्या धंद्याला शोभेल असा प्रश्न विचारला, "ग्रंथसाहिबात ही पदं शोधायची कशी? विषयवार लावलीयत का कवीवार?"

"रागवार," ते म्हणाले.

मी थक्क झालो. १४३० पानांचा ग्रंथ, आणि त्याचा मुख्य भाग रागांप्रमाणे लावलेला! एकतीस राग. आधी राग, मग त्यात रचनाकार. आमच्या हिंगोलीजवळच्या नर्सीचे म्हणून आपण ज्यांना मानतो त्या नामदेवांची एकसष्ट पदं त्यात आहेत, तीही अशीच आपापल्या रागाखाली बसलेली. मी आयुष्यभर फायली लावल्या. खाते क्रमांकानुसार, तारखेनुसार, आडनावानुसार. पण माणसाला काय म्हणायचं आहे, याआधी तो कोणत्या सुरात म्हणतो आहे ते पाहून त्याची जागा ठरवावी, हे मला कधी सुचलं नसतं. आमच्या काउंटरवर ही पद्धत सुरू केली तर निम्मी भांडणं मिटतील.

उलट बाजूनं पाहा. पंडित भातखंडे मूळचे वकील, कराचीत वकिली केलेले. १८६० ते १९३६ एवढं आयुष्य त्यांना लाभलं, आणि त्यातला मोठा भाग त्यांनी गावोगाव हिंडून राग गोळा करण्यात घालवला. हिंदुस्थानी संगीतातले राग त्यांनी दहा थाटांत बसवले, म्हणजे दहा खाती उघडून लेजरच तयार केलं. काही राग त्या खात्यांत अजून अंग चोरून बसतात, ही गोष्ट वेगळी. पण वकिलाचं डोकं संगीताला उपयोगी पडतं, तर संगीताचं डोकं कारकुनाला का पडू नये?

आमच्या शेजाऱ्यांचं यावर ठाम मत आहे. "संगीतानं बुद्धी वाढते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय," ते म्हणाले. मी शोध घेतला. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तेव्हा आकृत्यांच्या एका परीक्षेत त्यांचे गुण थोडे वाढले. त्यावरून एवढा गाजावाजा झाला, की १९९८ साली तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अशा संगीताची भेट द्यायचं ठरवलं. मूळ प्रयोगात तो परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता, आणि पुढे अनेकांनी तो प्रयोग करून पाहिला, त्यांना तेवढाही धड सापडला नाही. ही बातमी आमच्या भागात उशिरा आली हे बरं झालं, नाहीतर लातुरात मोझार्टची पहाटे साडेपाचची बॅच सुरू झाली असती.

तेव्हा गुण वाढतात, हे सोडून द्या. बदलतं ते दुसरंच काहीतरी. ते मला यंदाच्या गुरुपौर्णिमेला कळलं, आणि चारचौघांत कळलं.

गुरुजींच्या क्लासचा कार्यक्रम होता. नाथराव नेरळकरांचा फोटो मांडलेला. नांदेडला जन्मलेले, अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गाणारे आणि शिकवणारे नाथराव २०२१ साली गेले. त्यांचं नाव घेताना गुरुजींचा हात अजून कानाकडे जातो. अशा फोटोसमोर मला त्रितालातला एक कायदा, चार पलटे आणि एक तिहाई वाजवायची होती. हार्मोनियमवर लहरा धरायला पाचवीतली एक मुलगी. दोन पलटे बरे गेले. तिसऱ्यात हात घसरला. आणि मी काय करावं? मी वाजवणं थांबवलं, उजवा हात वर केला आणि म्हणालो, "एक मिनिट हं."

जसा काउंटरवर म्हणतो तसा. सभागृह हसलं. ती मुलगी मात्र हसली नाही आणि थांबलीही नाही. तिचा लहरा आपला चालू. मी आ वासून तिच्याकडे बघत बसलो. सम आली आणि गेली. पुन्हा आली आणि गेली.

कार्यक्रमानंतर मी गुरुजींच्या पाया पडून म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलाव त्याचं काही नाही," ते म्हणाले. "थांबलाव कशाला?"

"चुकलं होतं ना."

"मग? लहरा चालूच होता की. गेलेली मात्रा गेली. ठेका धरायचा आणि समेला यायचं. सम तुमच्यासाठी थांबत नाही, पण तुम्हाला टाकूनही जात नाही. सोळा मात्रांनी परत येतेच."

रात्री मला झोप आली नाही. आम्हाला नोकरीत लागताच शिकवलं जातं ते नेमकं उलट. ताळा जुळला नाही की थांबायचं. पन्नास रुपयांचा फरक असो की पाच, शटर खाली, सगळे आत, फरक सापडेपर्यंत घरी कुणी जायचं नाही. फरकाला नऊनं भाग जात असेल तर कुणीतरी पंचेचाळीसचे चोपन्न लिहिलेत, ते शोधायचं. मग लाल शाईनं खूण. पैशाच्या बाबतीत हे बरोबरच आहे. माझी बँक उद्या ठेक्यावर येऊन पुढे जाऊ लागली, तर मीच माझी ठेव काढून घेईन. पण मी ही लाल शाई घरी घेऊन आलो होतो.

दर रविवारी चिरंजीवांचा फोन येई. आठवड्याच्या टेस्टचे गुण तो सांगे आणि मी वहीत लिहून घेई. बरोबरचे चार, चुकीचा उणे एक, त्यामुळे हिशेबाला वाव भरपूर. "निगेटिव्ह किती गेले? कोणत्या धड्यातले? गेल्या आठवड्यात तोच धडा होता ना?" एकेक नोंद मी तपासत असे. "अहो, जेवलास का ते विचारा," ही आतून ओरडे. ते मी शेवटी विचारत असे, वेळ उरला तर. जुलैत फिजिक्समध्ये त्याला १८० पैकी ५२ पडले. त्या रविवारी आमचं ऑडिट पाऊण तास चाललं. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "आईकडे दे." त्याच्या पुढच्याही.

मी रजा टाकली आणि लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं, तोवर माझ्या भाषणाचे नऊ मुद्दे तयार झाले होते.

त्याची खोली म्हणजे दोन खाटा, दोन टेबलं आणि भिंतभर वेळापत्रक. तो आंघोळीला गेला होता. खोलीतला जोडीदार म्हणाला, "काका, याला सांगा की ओ. रात्री टेबल वाजवायलाय रोज."

मी टेबलाजवळ गेलो. उजव्या बाजूच्या काठावर, एका पंज्याएवढ्या जागेत, पॉलिश उडालं होतं.

वर्षभर मी समजत होतो, की तबला कपाटावर आहे.

तो आला. थोडा वाळला होता. मी नऊ मुद्दे आठवू लागलो, पण एकही आठवेना. त्यानंच सुरुवात केली, खाली बघत. "त्या टेस्टला सातव्या प्रश्नाला अडकलो. येत होता, पण उत्तर जुळत नव्हतं. चौदा मिनिटं गेली. मग पुढचे सगळे घाईत चुकले."

"सोडून पुढे का नाही गेलास?"

"चुकलेलं मागे सोडून जाववत नाही, बाबा."

तबल्याची दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब अशी सहा घराणी मानतात. सातवं माझ्यासमोर खाटेवर बसलं होतं. थांबणाऱ्यांचं घराणं. त्याचा मूळपुरुष मी.

मग मी त्याला गुरुपौर्णिमेची गोष्ट सांगितली. अगदी "एक मिनिट हं"सकट. त्यासाठी आधी कबुली द्यावी लागली, की वर्षभर मी त्याचा तबला वाजवतो आहे. दिवाळीत तो चार दिवस घरी आला तेव्हा मी जोडी पुन्हा कपाटावर चढवली होती, खोळीवर थोडी धूळसुद्धा राहू दिली होती. आपण ज्याला 'दोन वर्षं बंद' म्हणून सांगितलं, त्याचंच वाद्य आपण चोरून वाजवतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तो बराच वेळ गप्प होता. मागच्या जूनमध्येही असाच गप्प होता, पण त्या वेळी मी ऐकलं नव्हतं. दाबलं की आवाज मरतो.

"शाईला ओला हात नाही ना लावलात?" त्यानं विचारलं.

"नाही."

"वाजवून दाखवा."

मी टेबलाच्या काठावर माझी सतरा मात्रांची तिहाई वाजवली आणि ती अठराव्या मात्रेवर संपली. तो हसला. खूप महिन्यांनी. "बाबा, सम गेली."

"येते की परत," मी म्हणालो. "सोळा मात्रांनी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला बसून ठेका धरला. तिसऱ्या खेपेला मी समेवर पडलो. जोडीदारानं पुस्तकात डोकं खुपसून कानांत बोळे घातले. मग जेवताना चिरंजीवांनी मला सांगितलं, की १९९५ साली जर्मनीत तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूतली जागा इतरांपेक्षा मोठी दिसली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात जास्तच मोठी. "तुमचं जरा उशीरच झालाय," तो म्हणाला आणि माझ्या ताटातली पोळी उचलली.

पुढच्या खेपेला मी तबला-डग्गा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं खोळीकडे बघितलं.

"हे कुणाचं?"

"मुलाचं."

"मग हाफ का फुल?"

खोलीच्या मालकांनी संध्याकाळचा अर्धा तास मंजूर केला आहे. गुण वाढले का, असं विचाराल तर पुढच्या टेस्टला ५२ चे ७१ झाले आणि त्यापुढच्या टेस्टला ६४. मोझार्टला दोष देऊ नका.

कपाटावरची जागा आता रिकामी आहे. ही म्हणते, तिथे मिक्सरचं खोकं ठेवू. मी जुन्या लेजरच्या पुठ्ठ्यावर रियाज करतो. रविवारी फोन येतो तेव्हा आधी तो तिकडून ठेका धरतो आणि मी इकडून तिहाई म्हणतो. फोनवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे नांदेडची सम आणि लातूरची सम कधी एका क्षणी पडत नाही. पहिल्यांदा मी सवयीनं फरक काढायला गेलो. नऊनं भाग गेला नाही. मग सोडून दिलं.

"मार्क विचारले का?" ही आतून ओरडते.

विसरतो. पण जेवला आहे का, ते विचारतो.